बटण दाबण्याआधी

एक्स-रे काढणं म्हणजे बटण दाबणं, असं बाहेर बाकावर बसलेल्या पेशंटला वाटतं. बारावी सायन्सनंतर रेडिओग्राफीच्या पदवीला किंवा पदविकेला आलेल्या मुलांनाही सुरुवातीला तसंच वाटत असावं. शरीररचना, भौतिकशास्त्र वर्गात होतं. खरा कस लागतो पेशंटला उभं करताना. छातीचा साधा फोटो घ्या. छाती प्लेटला टेकलेली, हनुवटी वर, हात कमरेवर, कोपरं पुढे. खांदे असे पुढे वळले की खवाट्याची हाडं फुप्फुसांवरून बाजूला सरकतात. मग, "श्वास घ्या, धरून ठेवा." धाप लागलेल्या आजोबांकडून हे करवून घेणं कुठल्या पुस्तकात सापडायचं? आणि डाव्या-उजव्याची खूण लावायची राहिली, तर फोटो कितीही सुरेख येवो, शंका उरतेच.

किरणांपासून बचावाचे नियम मात्र घोकून घेतात: वेळ कमी, अंतर जास्त, मध्ये शिसं. अंतर दुप्पट केलं की मात्रा साधारण चौथाईवर येते. शिशाच्या एप्रनच्या आत, छातीवर टीएलडी बिल्ला, म्हणजे अंगावर पडलेली मात्रा मोजणारा बिल्ला, लावायचा. तो ठरावीक काळाने तपासणीला जातो. किरणांजवळ काम करणाऱ्यांसाठी अणुऊर्जा नियामक मंडळाची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आहे. एमआरआयच्या खोलीत हे किरण नसतात. तिथे ताकदवान चुंबक असतं, म्हणून धास्ती खिशात विसरलेल्या कात्रीची.