विमानाचे पुढचे चाक थरथरते तेव्हा

विमानाचा विषय आपल्या साप्ताहिकात कशाला, असे काहींना वाटेल. पण अमेरिकेत शेतकऱ्याच्या शेडमध्ये ट्रॅक्टरशेजारी लहान विमान उभे असणे फार नवलाचे नाही. 1944 साली ओक्लाहोमा राज्यात विमान बाळगणाऱ्या शेतकऱ्यांनी आपली संघटना काढली. तिला चालना देण्यात तिथल्या कृषी विस्तार संचालकांचा आणि एका शेतीविषयक पत्राच्या संपादकांचा पुढाकार होता. आमच्याच खात्यातला माणूस म्हणून मला थोडा अभिमान वाटला, हे कबूल करतो.

अशा विमानांपैकी एक म्हणजे कॅन्सस राज्यातील विचिटाच्या कंपनीचे सेस्ना 172. हे 1956 साली बाजारात आले आणि त्या काळातली काही विमाने आजही उडतात. त्याची मागची दोन चाके लवचिक पोलादावर बसवलेली असतात, त्यात बिघडण्यासारखे फारसे नाही. खरे दुखणे नाकाखालच्या चाकाचे.

हा पाय म्हणजे एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्या. आत तेल, आणि वर दाबाने भरलेली हवा किंवा नायट्रोजन. नळ्या एकमेकींत फिरू नयेत म्हणून कात्रीसारखे दोन दांडे जोडलेले असतात. थरथर जिरवायला बाजूला तेलाचा छोटा डॅम्पर असतो.

विमान उतरून धावू लागले की कधी कधी चाक डावे-उजवे असे थडथडते की समोरचे काटेही वाचता येत नाहीत. मालक डॅम्परला दोष देतो, पैसे मोजून नवा बसवतो, आणि काही दिवसांत थरथर परत येते. डॅम्पर थरथर दाबतो एवढेच. ती उपजते सांध्यांतल्या ढिलाईतून. म्हणून शेपटीकडची बाजू खाली ओढून बांधावी, नाक उचलले की चाक दोन्ही हातांनी धरून पिळावे आणि जोडीदाराने कात्रीच्या सांध्यांवर बोट ठेवावे. कटकट लागली, तर बुश किंवा बोल्ट झिजला आहे. ट्रॅक्टरच्या किंगपिनचा बुश गेला की पुढचे चाक डुलते, तसेच हे. मग चाकाचे बेअरिंग व टायर पाहावे. डॅम्परची पाळी त्यानंतर.

नाक खाली बसलेले दिसले, तर सील गळते. चकचकीत नळीवर बसलेली धूळ सील कापते, म्हणून ती नळी त्याच जातीच्या तांबड्या तेलात भिजवलेल्या फडक्याने पुसत राहावी. हवा जास्त भरली, तर नळी जमिनीवरही पूर्ण ताणलेली राहते आणि चाक वळता वळत नाही. दाब पुस्तिकेत दिला असेल तेवढाच ठेवावा. तेल घालण्यासाठी वाल्व उघडण्याआधी मात्र सगळी हवा सोडावी, नाहीतर तो तोंडावर उडेल.

तिथले नियम मालक-वैमानिकाला नळीत तेल-हवा भरू देतात. बुश बदलणे परवानाधारक मेकॅनिकचे काम. चालढकल केली तर काय होते? हा पाय इंजिनामागच्या पत्र्याच्या भिंतीला बांधलेला असतो. थडथडीने कात्री तुटते, आणि नाकावर जोरात आदळले तर त्या भिंतीला सुरकुत्या पडतात. पाय मोडलाच तर पंखा जमिनीला लागतो आणि इंजिनही खोलावे लागते. थरथर सुरू होताच वैमानिकाने दांडा मागे ओढून नाकावरचा भार कमी करावा, वेग हळूहळू उतरू द्यावा. करकचून ब्रेक मारू नये.