नेमसर्व्हर बदलताना

बेंगळूरच्या बेळ्ळंदूर या उपनगराचा पिनकोड ५६०१०३ असा आहे. पहिला ५ हा आकडा टपालाचा दक्षिणेकडील विभाग दाखवतो, ५६० या तीन आकड्यांवरून बेंगळूर कळते आणि शेवटच्या तिन्हींवरून नेमके टपालघर. श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेली ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ पासून अमलात आली. संपूर्ण देशाची यादी कोणा एकाने पाठ करावी लागू नये, प्रत्येक टप्प्याने फक्त पुढचा टप्पा सांगावा, हे तिचे मर्म होय.

इंटरनेटवरील नावांची व्यवस्थाही याच तत्त्वावर उभी आहे. पूर्वी साऱ्या संगणकांची नावे आणि त्यांचे अंकी पत्ते अमेरिकेतील एसआरआय या संस्थेत एकाच यादीत ठेवले जात. यादी आवरेनाशी झाली, तेव्हा १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डोमेन नावांची पद्धत सुचवली. यात नाव उजवीकडून डावीकडे वाचले जाते. 'डॉट कॉम'ची किंवा 'डॉट इन'ची मध्यवर्ती नोंदवही अमुक नाव कोणत्या नेमसर्व्हरच्या ताब्यात आहे एवढेच सांगते. संकेतस्थळाचा व ई-मेलचा प्रत्यक्ष पत्ता तो नेमसर्व्हर सांगतो.

तेव्हा नेमसर्व्हर बदलणे म्हणजे संकेतस्थळ हलवणे नव्हे. पत्ता कोणाला विचारावा, एवढेच त्यामुळे बदलते. नोंदवहीत हा बदल बहुधा थोड्याच वेळात होतो. मग तो सर्वत्र दिसण्यास कित्येकदा दोन दिवस का लागतात, असा प्रश्न वाचकाच्या मनात येणे साहजिक आहे. त्याचे उत्तर स्मरणात आहे. इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांचे सर्व्हर एकदा मिळालेले उत्तर ठरावीक मुदतीपर्यंत जपून ठेवतात. 'डॉट कॉम'च्या नोंदवहीने नेमसर्व्हरांच्या नोंदींसाठी ही मुदत १,७२,८०० सेकंद, म्हणजे दोन दिवस, ठेवलेली आहे. नवी माहिती जगभर पसरते, असे म्हटले जाते. वास्तविक काहीच पसरत नसते, जुन्या उत्तराची मुदत तेवढी ठिकठिकाणी संपत असते.

बेळ्ळंदूरला स्थायिक झालेले एखादे मराठी कुटुंब दिवाळीचा फराळ करून विकते आणि सणाच्या तोंडावर नेमसर्व्हर बदलते, असे समजू. त्या दोन दिवसांत एका ग्राहकाला नवे पान दिसेल, तर त्याच्या शेजाऱ्याला जुनेच. जुना सर्व्हर त्याच दिवशी बंद केला असेल, तर शेजाऱ्याला काहीच दिसणार नाही. ई-मेलचे नुकसान याहून मोठे असते. टपाल कोठे द्यावे ही नोंद नव्या नेमसर्व्हरवर उतरवण्याचे राहून गेले, तर मागणीची पत्रे भलत्याच सर्व्हरकडे जातात. तो तात्पुरता बंद असल्यास पाठवणारा सर्व्हर सहसा काही दिवस पुन्हा प्रयत्न करतो. परंतु 'अशी पेटी येथे नाही' असे उत्तर आल्यास पत्र तत्काळ परत फिरते.

यास्तव क्रम सांभाळावा. प्रथम जुन्या नेमसर्व्हरवरील प्रत्येक नोंद नव्यावर उतरवून ती ताडून पाहावी. नावाला डीएनएससेक ही डिजिटल स्वाक्षरी जोडलेली असल्यास, जुनी स्वाक्षरी व नवा सर्व्हर यांचा मेळ न बसून नावच अमान्य ठरू शकते. म्हणून नोंदवहीतील तिची नोंद आधी काढून मुदत संपू द्यावी. नेमसर्व्हर बदलल्यावर जुना नेमसर्व्हर, जुने संकेतस्थळ आणि जुनी टपालपेटी निदान तीन दिवस चालू ठेवावी व ती पेटी रोज उघडून पाहावी. दोन्हीकडे एकच उत्तर मिळत असेल, तर बदल कोणाच्या ध्यानातही येत नाही.

मोठ्या संस्थांनाही या मुदतीतून सुटका नाही. २४ सप्टेंबर २०१८ रोजी चेन्नईच्या झोहो कंपनीचे डोमेन नाव, फसव्या ई-मेलच्या तक्रारींवरून, नोंदणी करणाऱ्या कंपनीने रोखले. नाव पुन्हा चालू झाल्यावरही अनेक ग्राहकांना काही काळ सेवा मिळेना, आणि दुसऱ्या सार्वजनिक सर्व्हरकडे पत्ता विचारा, असे झोहोला त्यांना सांगावे लागले. आपली नोंद आपण क्षणात बदलू शकतो. इतरांच्या स्मरणातील नोंद मात्र तिच्या मुदतीनेच जाते.