धुराची चव

संग्रामपूर तालुक्यात कापसाची शेवटची वेचणी संपली की शेतात नुसत्या पऱ्हाट्या उरतात. पऱ्हाटी म्हणजे कपाशीचे वाळलेले झाड. शेतकरी पऱ्हाट्या उपटतात, त्यांच्या मोळ्या बांधतात आणि घराशेजारी गंजी रचून ठेवतात. पुष्कळ घरांत अजूनही हेच सरपण असते. याच दिवसांत बाजारात भरताची मोठी वांगी येतात. मग कोणाच्या तरी शेतात भरताचा बेत ठरतो. पऱ्हाट्यांचा किंवा तुराट्यांचा जाळ करतात आणि त्यात वांगी टाकून ती काळी होईपर्यंत भाजतात. असे भरीत एकदा खाल्ले, की गॅसवर भाजलेल्या वांग्याचे भरीत फिके वाटते.

वांगी तीच, मिरची तीच, मीठही तेच. मग फरक कशामुळे पडतो?

फरक पडतो तो धुरामुळे. ही गोष्ट तुम्हांला नवी नाही. तुमच्या घरी डाळीला, कबाबाला किंवा खिम्याला 'धुंगार' देतात, तो तुम्ही पाहिला असेल. पातेल्याच्या मधोमध एक छोटी वाटी ठेवतात. वाटीत लालभडक निखारा ठेवतात. त्यावर चमचाभर तूप सोडतात आणि झटकन झाकण लावतात. पाच मिनिटांनी झाकण काढले की घरभर सुगंध दरवळतो. मराठीत याला 'धुरी देणे' असेही म्हणतात. बाळाला न्हाऊ घातल्यावर निखाऱ्यावर ओवा टाकून शेक देतात, तीही धुरीच.

आता एक गंमत पाहा. निखाऱ्यावर तूप का सोडायचे? नुसता निखारा का चालत नाही? कारण चांगल्या पेटलेल्या कोळशातून धूर फारसा निघतच नाही. कोळसा तयार करताना लाकूड कमी हवेत जाळलेले असते. धूर देणारे बहुतेक पदार्थ तेव्हाच निघून गेलेले असतात. म्हणून शेगडीवर कबाब भाजताना जो धूर येतो, तो बहुतेक निखाऱ्यावर ठिबकणाऱ्या चरबीचा असतो. लाकडाच्या धुराची चव वेगळी असते, आणि ती हवी असेल तर लाकूडच लागते.

लाकडात मुख्यतः तीन पदार्थ असतात : सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि लिग्निन. पहिले दोन पदार्थ साखरेच्या कणांच्या लांब साखळ्यांनी बनलेले आहेत. लाकूड तापले की ते फुटतात आणि किंचित गोडसर, भाजक्या वासाचे पदार्थ तयार होतात. लिग्निन हा लाकडाला कडकपणा देणारा पदार्थ. तो तापून फुटला की ग्वायकॉल आणि सिरिंगॉल ही द्रव्ये निर्माण होतात. धुराची जी खास चव आणि जो खास वास आपण ओळखतो, तो मुख्यतः या दोघांचा. गॅसच्या ज्योतीत यांपैकी काहीच नसते. गॅस जळून कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ तयार होते. त्यामुळे गॅसवर वांगे भाजले जाते, साल करपते, पण धुराची चव काही येत नाही.

मात्र लाकूड भडकून जळता कामा नये. ज्योत मोठी झाली की ही चवदार द्रव्येही जळून जातात. लाकूड धुमसत राहिले पाहिजे. हेच तर अवघड आहे! फळी किंवा ढलपी पेटते तरी, नाहीतर विझते तरी.

या अडचणीवर परदेशात पेलेट वापरतात. पेलेट म्हणजे लाकडाच्या भुशाची दाबून केलेली छोटी कांडी. ती साधारण पेन्सिलीएवढी जाड आणि दोन-तीन सेंटिमीटर लांब असते. कोरडा भुसा भोके असलेल्या पोलादी साच्यातून प्रचंड दाबाने ढकलतात. दाबामुळे उष्णता निर्माण होते, भुशातले लिग्निन मऊ होते आणि तेच डिंकासारखे काम करते. गार झाल्यावर कांडी घट्ट होते. वेगळा गोंद लागत नाही. अशा कांड्या आधी घरे उबदार ठेवण्यासाठी जाळत असत. 1980 च्या दशकात अमेरिकेतील ऑरेगन राज्यात जो ट्रेगर यांनी पेलेटवर चालणारी मांस भाजण्याची शेगडी तयार केली आणि पेलेट स्वयंपाकात आले.

आपल्याकडेही असे काम झाले आहे, पण ते इंधनासाठी. कापसावर संशोधन करणारी मुंबईची एक जुनी सरकारी संस्था आहे. ती 1924 साली सुरू झाली. पऱ्हाट्यांचा चुरा करून त्यापासून पेलेट आणि जाड कांड्या कशा बनवाव्यात, यावर या संस्थेने काम केले आहे. शेतात पऱ्हाट्या नुसत्या पेटवून देण्यापेक्षा हे केव्हाही बरे. वीजकेंद्रांनी दगडी कोळशात शेतीच्या काडीकचऱ्याचे पेलेट मिसळून जाळावेत, असे धोरण केंद्र सरकारने 2021 मध्ये जाहीर केले.

म्हणून कोणी विचारेल, "मग तेच पेलेट कबाबाला का वापरू नयेत?" येथे सावध राहिले पाहिजे. भट्टीसाठी बनवलेल्या पेलेटमध्ये कोणता भुसा आहे, हे आपल्याला कळत नाही. त्यात रंग लावलेल्या लाकडाचा चुरा असू शकतो. कपाशीवर तर हंगामात कितीतरी फवारण्या होतात. पऱ्हाट्यांवर वांगे भाजतात हे खरे. पण वांग्याला साल असते. काजळी सालीवर बसते आणि ती साल आपण काढून टाकतो. मांसाला साल नसते. जे बसले ते पोटात जाते.

ही गोष्ट मी चूक करून शिकलो. काही वर्षांपूर्वी बकरी ईदच्या दुसऱ्या दिवशी आम्ही एका मित्राच्या गच्चीवर शेगडी पेटवली होती. लाकडी धुराची चव यावी म्हणून मी सुताराच्या कारखान्यातून पिशवीभर भुसा आणि तुकडे आणले. ते सागाचे असतील असे मला वाटले होते. त्यांत प्लायवूडचे आणि पॉलिश केलेले तुकडे होते. शेगडीवर टाकताच पिवळट धूर उठला. सर्वांचे डोळे चुरचुरू लागले. मित्राची लहान मुलगी खोकून खोकून बेजार झाली. तिला खाली न्यावे लागले. कबाब इतके कडू झाले होते की ते कोणालाच खाववले नाहीत. कुरबानीचे मांस माझ्यामुळे वाया गेले, याची खंत मला अजून वाटते. प्लायवूडचे थर रासायनिक गोंदाने चिकटवलेले असतात आणि तो गोंद जळला की विषारी वायू निघतात, हे मी नंतर वाचले.

तेव्हा धुरासाठी लाकूड साधे, वाळलेले आणि माहितीतले असावे. आंबा, पेरू, चिंच, बाभूळ ही झाडे आपल्या ओळखीची आहेत. चीड आणि देवदार यांत राळ असते. त्यांचा धूर काजळीचा आणि कडवट असतो. खोक्यांच्या फळ्या बऱ्याचदा चिडाच्याच असतात, म्हणून त्या नकोत. अमेरिकेत 'मेस्कीट' नावाच्या झाडाचे पेलेट फार प्रसिद्ध आहेत. हे झाड म्हणजे कोण? आपल्याकडे पडीक जमिनीवर माजलेल्या वेड्या बाभळीचे सख्खे भावंड! त्याचा धूर उग्र असतो. थोडाच पुरतो.

लाकडासाठी हिरवे झाड तोडू नये. ओल्या लाकडाचा धूर कडू होतो, हे एक कारण आहेच. शिवाय आपल्या तालुक्याच्या उत्तरेला सातपुड्यात अंबाबरवा अभयारण्य आहे. ते 1997 साली घोषित झाले. तेथील फांदीसुद्धा तोडणे हा गुन्हा आहे. बागेतली छाटणी केलेली वाळकी फांदी पुष्कळ झाली.

पेलेट मिळाले तर ते वापरणे सोपे आहे. खास शेगडी नसली तरी चालते. पत्र्याच्या साध्या, रंग नसलेल्या डब्याला चार-सहा भोके पाडावीत. त्यात मूठभर पेलेट घालून डबा निखाऱ्यांच्या कडेला ठेवावा. पेलेट पाण्यात भिजवू नयेत. काही लोक लाकडाच्या ढलप्या भिजवतात आणि पेलेटही तसेच भिजवायला जातात. पेलेट पाण्यात टाकून पाहा : थोड्याच वेळात फुगून त्याचा पुन्हा भुसा होतो.

मांस निखाऱ्यांच्या अगदी वर ठेवू नये, थोडे बाजूला ठेवावे. चरबी निखाऱ्यावर पडून जळली, की त्या धुरात कर्करोगाला कारण होऊ शकणारे पदार्थ तयार होतात. वर परात किंवा मोठे झाकण ठेवावे, पण हवेला फट ठेवावी. धूर पातळ आणि निळसर दिसला तर ठीक. दाट, पांढरा धूर कोंडला तर पदार्थ कडवट होतो. धूर ओलसर पृष्ठभागावर चांगला बसतो, म्हणून तो सुरुवातीलाच द्यावा. मांस वरून सुकल्यावर कितीही धूर केला तरी चव फारशी वाढत नाही, डोळे मात्र लाल होतात.

हे सर्व काम उघड्यावरच करावे. शेगडी खोलीत कधीही आणू नये, थंडी वाजत असली तरी नाही आणि पाऊस आला तरी नाही. धुमसणाऱ्या निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड हा वायू निघतो. त्याला रंग नसतो, वासही नसतो. रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. माणसाला आधी डोके जड वाटते, मग झोप येते. बंद खोलीत शेगडी ठेवून निजलेली माणसे त्या झोपेतून उठली नाहीत, अशा बातम्या दर हिवाळ्यात वाचायला मिळतात.

जेवण झाल्यावर राख लगेच उकिरड्यावर टाकू नये. वरून पांढरी आणि गार दिसणाऱ्या राखेखाली सकाळपर्यंत विस्तव राहतो. त्यावर पाणी शिंपडावे, काडीने उकरावे आणि पुन्हा पाणी शिंपडावे. आपल्याकडे तर भिंतीला लागूनच पऱ्हाट्यांची गंजी असते.