उटण्यानं न जाणारा काळा पट्टा

नरकचतुर्दशीच्या पहाटे पाटावर बसलेल्या मुलीच्या मानेला आई उटणं लावते आणि घासते. मानेच्या मागं, केसांच्या खाली एक काळपट, मखमलीसारखा जाडसर पट्टा असतो. मळच तो, असं समजून डाळीचं पीठ, लिंबू, घासणी सगळं होऊन जातं. मुलगी कळवळते, मान लाल होते, पट्टा तसाच राहतो. हे दृश्य मी आमच्या नात्यातच एकाहून अधिक घरांत पाहिलं आहे. तो मळ नसतो. रक्तात इन्सुलिन दीर्घकाळ जास्त राहिलं की ते कातडीच्या पेशींना वाढायला लावतं, आणि मान, काख, जांघ इथली त्वचा जाड नि काळी होते. त्या मुलीची पाळी दोन-दोन, तीन-तीन महिने येत नाही, हनुवटीवर राठ केस येतात, हेही घरात ठाऊक असतं. पण या गोष्टी एकाच दोरीत ओवलेल्या आहेत आणि ती दोरी पुढे तिच्या पन्नाशीतल्या हृदयापर्यंत जाते, हे तिला सहसा कुणी सांगितलेलं नसतं.

घराघरांत या दुखण्याला 'पीसीओडी' म्हणतात, डॉक्टर 'पीसीओएस' लिहितात: पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम. माझी तक्रार या नावापासूनच आहे. सोनोग्राफीत बीजकोशाच्या कडेनं दिसणारे ठिपके म्हणजे गाठी नव्हेतच. बीज सांभाळणाऱ्या त्या इवल्या पिशव्या अर्धवट वाढून थांबलेल्या असतात. तरी 'गाठी आहेत' एवढे दोन शब्द कानावर पडून मुली रडत घरी येतात, आणि त्या शब्दांनी सगळं लक्ष ओटीपोटावर खिळतं.

खरं तर सुरुवात वेगळी झाली होती. १९२१ मध्ये पॅरिसच्या आशार आणि तिएर या डॉक्टरांनी 'दाढी असलेल्या स्त्रियांचा मधुमेह' असं वर्णन लिहिलं. त्यांनी पाहिलेला प्रकार म्हणजे नेमका आजचा पीसीओएस नव्हे, पण चेहऱ्यावरचे केस आणि साखर यांचं नातं तेव्हाच नोंदलं गेलं. मग १९३५ मध्ये शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेन्थल यांनी सात स्त्रियांची हकीकत छापली: पाळी बंद किंवा अनियमित, बीजकोश मोठे आणि जाड आवरणाचे. त्यांनी बीजकोशाची पाचर कापून काढली. सातही जणींची पाळी सुरू झाली, दोघींना दिवस गेले. यश डोळ्यांसमोर दिसत होतं, त्यामुळे आजार बीजकोशाचा ठरला आणि पॅरिसची साखर मागं पडली. तिच्याकडे पुन्हा वळायला १९८० उजाडलं. मेम्फिसच्या संशोधकांना या स्त्रियांच्या रक्तात पुरुषी संप्रेरकं आणि इन्सुलिन ही दोन्ही बरोबरीनं वाढलेली आढळली. १९८९ मध्ये अँड्रिया ड्युनाइफ आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की तेवढ्याच वजनाच्या इतर बायकांच्या तुलनेत यांचं शरीर इन्सुलिनला कमी दाद देतं. लठ्ठपणानं हे वाढतं, पण निव्वळ लठ्ठपणामुळे होत नाही.

आत घडतं ते असं. स्नायू इन्सुलिनचं ऐकेनासे होतात, म्हणून स्वादुपिंड ते आणखी सोडतं. बीजकोश मात्र इन्सुलिनचं पूर्वीसारखंच ऐकतो, आणि या वाढीव इन्सुलिनच्या हुकुमावरून टेस्टोस्टेरॉनसारखी संप्रेरकं जास्त बनवू लागतो. टेस्टोस्टेरॉनला बांधून ठेवणारं एक प्रथिन यकृतात तयार होतं, तेही इन्सुलिनमुळे घटतं. मग रक्तात मोकळं टेस्टोस्टेरॉन वाढतं, बीज पूर्ण पिकत नाही, पाळी लांबते. चरबी पोटावर आणि यकृतात साठते, ट्रायग्लिसराइड ही रक्तातली चरबी चढते, एचडीएल, म्हणजे ज्याला आपण चांगलं कोलेस्टेरॉल म्हणतो, ते उतरतं. पोटावरची चरबी इन्सुलिनचं काम आणखी अवघड करते. पाळी ही या चक्रातली सगळ्यात आधी दिसणारी खूण आहे. रक्तवाहिन्यांच्या अस्तराला जे सोसावं लागतं ते दिसत नाही, दुखतही नाही.

आपल्याकडच्या बायकांसाठी यात आणखी एक पेच आहे, आणि तो सगळ्यात नीट उलगडला तो पुण्यात. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. दोघांचा बॉडी मास इंडेक्स एकच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. पुण्याजवळच्या गावांतल्या बाळंतिणींचा आणि बाळांचा अभ्यास करून याज्ञिकांनी दाखवलं होतं की आपलं बाळ वजनानं हलकं असूनही चरबी राखून जन्माला येतं. म्हणून 'तू तर बारीक आहेस, तुला कसला पीसीओडी' हे वाक्य मला धोक्याचं वाटतं. काट्यापेक्षा शिंप्याची टेप अधिक खरं बोलते. आपल्या बायकांच्या कंबरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या, म्हणजे साडेएकतीस इंचांच्या पुढे गेला की सावध व्हायचं.

किती जणींना आहे हे? परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेच्या संशोधकांनी मुंबईतल्या १५ ते २४ वयाच्या मुलींची पाहणी केली. २०१४ मध्ये तिचे निष्कर्ष आले. निदानाचे 'रॉटरडॅम' नावानं ओळखले जाणारे निकष लावले तर २२.५ टक्के, अधिक कडक निकष लावले तर १०.७ टक्के. निकषांवरून डॉक्टरांत वाद आहे आणि तो राहील. कमीत कमी आकडा धरला तरी दहा मुलींमागे एक. वर्गातल्या प्रत्येक दोन-तीन बाकांमागे एक, असं मी स्वतःला समजावते.

हृदयाचं काय, या प्रश्नाचं उत्तर सरळ मिळालं नाही. १९९२ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी या स्त्रियांचे धोक्याचे घटक मोजून गणित मांडलं, तेव्हा हृदयविकाराच्या झटक्याची शक्यता सातपटींहून अधिक निघाली. केवढी भीती पसरली असेल! १९९८ मध्ये ब्रिटनमधल्या ७८६ स्त्रियांच्या जुन्या नोंदी अनेक दशकं पुढे तपासल्या, तर हृदयविकारानं झालेले मृत्यू अपेक्षेहून फारसे जास्त नव्हते. मग उलटा दिलासा पसरला. अलीकडे मोठ्या लोकसंख्येच्या नोंदी एकत्र करून पाहिल्यावर झटका आणि पक्षाघात या दोन्हींचा धोका वाढलेला असतो, हे पुरेसं स्पष्ट झालं आहे. पंचवीस-तिशीत प्रत्यक्ष झटका येणं दुर्मीळच असतं, त्यामुळे कुणी घाबरून जायचं कारण नाही. पण २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी पीसीओएसला हृदयविकाराचा धोका वाढवणारा घटक मानायला सांगितलं, ही मला या सगळ्या इतिहासातली मोठी गोष्ट वाटते. त्या सूचना मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातल्या हेलेना टीड यांच्या नेतृत्वाखाली तयार झाल्या.

मोजायचं काय, तेही त्यांत आहे. निदान झालं की रक्तातली साखर, आणि पुढे धोक्यानुसार दर एक ते तीन वर्षांनी पुन्हा. रक्तदाब दरवर्षी. कोलेस्टेरॉलची पूर्ण तपासणी निदानाच्या वेळी. साखरेबाबत एक बारकावा महत्त्वाचा आहे. उपाशीपोटीची साखर बरोबर आली की आपण पेढे वाटतो. १९९९ मध्ये छापलेल्या एका अमेरिकी अभ्यासात पीसीओएस असलेल्या २५४ स्त्रियांना ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखर पाहिली, तेव्हा ३१ टक्के जणी मधुमेहाच्या उंबऱ्यावर आणि साडेसात टक्के मधुमेही निघाल्या. नुसत्या उपाशीपोटीच्या तपासणीत यांतल्या बऱ्याच जणी सुटल्या असत्या. लॅबच्या बाकावर दोन तास बसणं कंटाळवाणं आहे, पण ते बसणं टाळू नये. दिवस राहण्याआधी आणि गरोदरपणात तर नाहीच.

आता जे मला सगळ्यात जास्त सलतं ते सांगते. अविवाहित मुलीला 'लग्न झालं की ठीक होईल' म्हणतात. लग्न झालं की मूल होण्यासाठी धावाधाव, इंजेक्शनं, सोनोग्राफ्या. मूल झालं की फाइल कपाटात जाते. पाळी आली काय, न आली काय, कुणाला त्याची चिंता उरत नाही, तिलाही नाही. त्यानंतरची पंधरा-वीस वर्षं साखर, रक्तदाब आणि चरबी हळूहळू वर चढतात, आणि याच वर्षांत तिचं कुणी काही मोजत नाही. पंचेचाळिशीत ती दम लागतो म्हणून फिजिशियनकडे जाते तेव्हा जुन्या फाइलचा विषयसुद्धा निघत नाही. २०१२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनं बोलावलेल्या तज्ज्ञांच्या गटानं हे नावच बदला असं सुचवलं, ते यासाठीच पटतं. आजाराच्या नावावरून बाई कोणत्या दारात उभी राहणार ते ठरतं.

उपायांत जादू नाही. वजन जास्त असेल तर ते पाच-दहा टक्क्यांनी उतरलं तरी पाळी आणि साखर दोन्ही सुधारू शकतात. आठवड्याला किमान अडीच तास भरभर चालणं आणि दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम. हा दुसरा भाग आपल्या बायका हमखास सोडतात, आणि साखर पचवणारं मुख्य इंद्रिय तर स्नायूच आहे. वजन न घटताही व्यायामाचा फायदा होतो. आहाराबद्दल एकच सांगते: संकष्टी, गुरुवार अशा उपवासांना साबुदाण्याची खिचडी आणि बटाटा म्हणजे शुद्ध पिष्ट. उपवास ज्यांना धरायचा त्यांनी धरावा, पण त्या ताटात दही, शेंगदाणे, राजगिरा वाढवावा. एरवी मटकीची उसळ, ताक, ज्वारीची भाकरी ही आपल्या घरातलीच माणसं आहेत. मेटफॉर्मिन हे औषध इन्सुलिनचं काम सोपं करतं. पाळीच्या गोळ्या पाळी नियमित ठेवतात आणि गर्भाशयाच्या अस्तराला जपतात, पण रक्तदाब, धूम्रपान, घरातला रक्तात गुठळ्या होण्याचा इतिहास न विचारता त्या घेऊ नयेत. निराशा आणि चिंता या बायकांत जास्त आढळते. चेहऱ्यावरच्या केसांवरून टोमणे खाणाऱ्या मुलीला 'वजन कमी कर' एवढाच सल्ला देऊन पाठवणं निर्दयपणाचं आहे.

आणि हे दुखणं घराण्यातून येतं. पीसीओएस असलेल्या मुलींच्या आया, बहिणी, भाऊ यांच्यातही इन्सुलिनचं हेच बिनसलेलं गणित जास्त सापडतं. आमच्या नात्यातली एक मुलगी शेवटी लॅबमध्ये ग्लुकोजचं पाणी पिऊन बाकावर बसली, तेव्हा सोबत म्हणून आलेल्या आईलाही मी हट्टानं पेला दिला. तिची स्वतःची पाळी तरुणपणी कधीच वेळेवर आली नव्हती, तिनं कुणाला ते सांगितलंही नव्हतं. मुलीची साखर उंबऱ्यावर निघाली. आईची त्याच्या पलीकडे गेलेली होती. रिपोर्ट हातात घेऊन तिनं पदर बाजूला केला, आपल्या मानेवर मागून हात फिरवला आणि विचारलं, "मग माझ्या आईनं घासला तो पण मळ नव्हता?"