एका थेंबाने बदलणारा रंग : अनुमापन वक्र काय सांगतो?

बारावी विज्ञानाच्या प्रात्यक्षिक परीक्षेतून गेलेल्या प्रत्येकाला ब्युरेट, पिपेट आणि शंकुपात्र ही त्रयी आठवत असते. ब्युरेटमधून सोडियम हायड्रॉक्साइडचे द्रावण थेंब थेंब सोडायचे, पात्र हलवत राहायचे आणि फिकट गुलाबी छटा टिकताच तोटी बंद करायची. तीन वाचने जुळली की गुण मिळाले. मात्र, त्याच क्षणी का थांबायचे, हा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. त्याचे उत्तर अनुमापन वक्रात, म्हणजेच टायट्रेशनच्या आलेखात आहे.

या आलेखाच्या आडव्या अक्षावर ओतलेल्या द्रावणाचे आकारमान असते, तर उभ्या अक्षावर पात्रातील मिश्रणाचा सामू, म्हणजेच पीएच. सामूची ही मोजपट्टी कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतील एस. पी. एल. सोरेनसन यांनी १९०९ साली मांडली. ७ म्हणजे उदासीन, त्याखाली आम्लधर्मी आणि वर अल्कधर्मी. या पट्टीवरील एका अंकाचा फरक म्हणजे आम्लतेतील दहापट फरक होय.

प्रथम तीव्र आम्लाचे उदाहरण घेऊ. ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल २५ मिलिलिटर घेतले, तर आरंभीचा सामू १ असतो. तितक्याच तीव्रतेचे सोडियम हायड्रॉक्साइड १२.५ मिलिलिटर ओतले, म्हणजे निम्मे आम्ल संपले, तरी सामू जेमतेम १.५ होतो. २४.९ मिलिलिटरला तो ३.७ असतो आणि २५.१ मिलिलिटरला एकदम १०.३! मधले अंतर अवघ्या चार थेंबांचे. आम्ल भरपूर असताना एका थेंबाने काही बिघडत नाही. ते संपत आले की प्रत्येक थेंब निर्णायक ठरतो. म्हणून आडवा चाललेला वक्र येथे कड्यासारखा उभा चढतो. या चढाच्या मध्यावर समतुल्य बिंदू असतो. तेथे आम्ल आणि आम्लारी यांचे प्रमाण नेमके जुळलेले असते.

डोळ्यांना मात्र समतुल्य बिंदू दिसत नाही. दिसतो तो दर्शकाचा बदललेला रंग, म्हणजे अंत्यबिंदू. हे दोन बिंदू जितके जवळ, तितके उत्तर अचूक. मिथिल ऑरेंज ३.१ ते ४.४ या सामूदरम्यान लालाचे पिवळे होते. फिनॉल्फथॅलिन सुमारे ८.२ ते १० या टप्प्यात रंगहीनाचे गुलाबी होते. वरील उदाहरणात चढ इतका उंच आहे की दोन्ही दर्शक जवळपास सारखेच उत्तर देतात.

खरी कसोटी लागते ती सौम्य आम्लापाशी. व्हिनेगरमधील अॅसिटिक आम्ल हे त्याचे घरगुती उदाहरण. त्याच तीव्रतेच्या अॅसिटिक आम्लाचा वक्र सुमारे २.९ पासून सुरू होतो. निम्मे आम्ल संपले की सामू ४.७६ होतो. हा आकडा अॅसिटिक आम्लाची ओळखच म्हणता येईल. या पट्ट्यात मिश्रण बफरचे काम करते आणि सामूतील बदल रोखून धरते. समतुल्य बिंदू ७ वर नव्हे, तर ८.७ च्या आसपास येतो. फिनॉल्फथॅलिनचा रंगबदल नेमका याच चढावर होतो.

येथे मिथिल ऑरेंज वापरले तर? सामू ४.४ होईपर्यंत त्याचा रंग पूर्ण पिवळा झालेला असतो. त्या वेळी मात्र जेमतेम ३० टक्के आम्ल संपलेले असते. आपल्याकडील अन्नसुरक्षेच्या नियमांनुसार व्हिनेगरमध्ये किमान ३.७५ टक्के अॅसिटिक आम्ल असावे लागते. प्रत्यक्षात ४ टक्के आम्ल असलेली बाटली या चुकीच्या दर्शकामुळे सव्वा टक्क्याचीच ठरेल. माल चोख, हिशेब चोख, तरीही प्रामाणिक उत्पादक दोषी! अशा वेळी रंग एका थेंबाने न बदलता रेंगाळत बदलतो. जाणकार विश्लेषक हीच धोक्याची खूण मानतो.

याचा अर्थ मिथिल ऑरेंज कुचकामी आहे, असा नव्हे. पाण्यातील बायकार्बोनेटचे मापन तीव्र आम्लाने करताना समतुल्य बिंदू ४.५ च्या जवळ येतो. तेथे तेच कामी येते. उलट, डेअरीत दुधाची आम्लता तपासताना फिनॉल्फथॅलिन घेतले जाते. दर्शक चांगला की वाईट, हे वक्रावरील त्याची जागा ठरवते.

रंगीत किंवा गढूळ नमुन्यात दर्शकाचा उपयोग होत नाही. तेथे पीएच मीटर मदतीला येतो. १९३४ साली अमेरिकेत आर्नल्ड बेकमन यांनी असे उपकरण तयार केले, ते लिंबाच्या रसाची आम्लता मोजण्यासाठी! आज स्वयंचलित यंत्रे संपूर्ण वक्र काढून समतुल्य बिंदू शोधून देतात. तथापि, यंत्राने दिलेला आकडा ग्राह्य मानायचा की नाही, हे ठरविण्यासाठी तो वक्र वाचता यावा लागतो. प्रात्यक्षिकाच्या वहीत ‘दर्शक : फिनॉल्फथॅलिन’ एवढेच लिहून पुढे जाणाऱ्या विद्यार्थ्याने त्यापुढे ‘का?’ हा एक शब्द जोडला, तरी निम्मे विश्लेषणशास्त्र त्याच्या हाती येईल.