अभियंत्याची कर्मप्रेरणा

अभियंता आपले काम मन लावून करतो, ते वेतनासाठी की त्या कामातच काही ओढ असते म्हणून, हा औद्योगिक मानसशास्त्रातील एक मूलभूत प्रश्न होय. त्याचे उत्तर चुकल्यास सोयी व भत्ते वाढवूनही काम निर्जीवच राहते.

या प्रश्नाचा प्रसिद्ध अभ्यास अमेरिकेतील पिट्सबर्ग परिसरात झाला. फ्रेडरिक हर्झबर्ग, बर्नार्ड मॉसनर व बार्बरा स्नायडरमन यांनी सुमारे २०० अभियंते व हिशेबनीस यांच्या मुलाखती घेऊन आपले निष्कर्ष १९५९ मध्ये ग्रंथरूपाने मांडले. नोकरीविषयी विशेष समाधान किंवा विशेष असमाधान वाटले असा प्रत्यक्ष प्रसंग सांगावयास लावणे, ही त्यांची पद्धती होती.

समाधानाच्या प्रसंगांपैकी शेकडा ४१ प्रसंगांत कार्यसिद्धीचा, ३३ मध्ये गौरवाचा, २६ मध्ये प्रत्यक्ष कामाच्या स्वरूपाचा व २३ मध्ये जबाबदारीचा उल्लेख आढळला. एका प्रसंगात एकाहून अधिक घटक येऊ शकत. असमाधानाच्या प्रसंगांत कंपनीचे धोरण व कारभार हे कारण शेकडा ३१ म्हणजे सर्वाधिक होते. वेतनाचे प्रमाण मात्र दोन्हीकडे जवळजवळ सारखे, अनुक्रमे १५ व १७ होते. यावरून हर्झबर्ग यांनी असे प्रतिपादिले की, असमाधानाचा अभाव म्हणजे समाधान नव्हे. दोहोंची कारणे भिन्न आहेत.

याहून मार्मिक असा भेद कालावधीचा आहे. कार्यसिद्धी व गौरव यांचा आनंद बहुधा लवकर ओसरतो. कामाचे स्वरूप व जबाबदारी यांचा परिणाम दीर्घकाळ टिकतो. एखादा अवघड आराखडा यशस्वी झाल्याचा हर्ष अल्पकालीन असतो. परंतु पुढील आराखड्याचे निर्णय अभियंत्यावर सोपविले गेले, तर कामाकडे पाहण्याची त्याची दृष्टीच पालटते.

या सिद्धान्तावर व्हिक्टर व्रूम यांनी १९६४ मध्ये महत्त्वाचा आक्षेप घेतला. मनुष्य यशाचे श्रेय स्वतःकडे घेतो व अपयशाचा दोष परिस्थितीवर ठेवतो. तेव्हा आढळलेला भेद आठवणी सांगण्याच्या या रीतीतूनही उद्भवू शकेल. हा आक्षेप डावलता येत नाही. म्हणूनच कथनाऐवजी वर्तनाचे निरीक्षण करणारे प्रयोग मोलाचे ठरतात. एडवर्ड डेसी यांच्या १९७१ मधील प्रयोगात विद्यार्थ्यांना ठोकळ्यांची कोडी देण्यात आली. सोडविलेल्या प्रत्येक कोड्यामागे काहींना पैसे दिले व पुढे ते बंद केले, तेव्हा मोकळ्या वेळात कोड्यांकडे वळण्याची त्यांची प्रवृत्ती घटल्याचे दिसले. उलट, शाब्दिक प्रशंसेने तसा ऱ्हास झाला नाही.

कोडे सोडविणे म्हणजे अभियांत्रिकी नव्हे, हे खरे. तथापि भिन्न मार्गांनी आलेले हे पुरावे एकाच दिशेस निर्देश करतात. मात्र अपुऱ्या वेतनाचे समर्थन त्यांतून निघत नाही. अन्याय्य वेतन असमाधानास कारण होतेच. योग्य वेतन व नेटका कारभार ही कामाची पूर्वअट होय. प्रेरणा जागते ती बुद्धीस आव्हान देणारे काम व ते आपल्या निर्णयाने पार पाडण्याची मुभा यांतून.