देखरेख आणि पाळत : पोलीस, कॅमेरा आणि नागरिक

प्रस्तावना :
उर्दूत ‘निगरानी’ हा एकच शब्द जपणूक व पहारा अशा दोन्ही अर्थांनी चालतो. मराठीत मात्र ‘देखरेख’ वेगळी आणि ‘पाळत’ वेगळी. पहिलीत काळजी आहे, दुसरीत संशय. प्रस्तुत लेखात हा भेद डोळ्यांसमोर ठेवून सार्वजनिक कॅमेऱ्यांचा विचार केला आहे.

दोन अनुभव :
तलमडुगु हे अदिलाबाद जिल्ह्यातील, महाराष्ट्राच्या सीमेकडील मंडल. काही वर्षांपूर्वी प्रवासात माझी बॅग हरवली असता एका पोलीस कर्मचाऱ्याने कॅमेऱ्याचे चित्रण तपासून ती त्याच दिवशी मिळवून दिली. ही देखरेख होय. पुढे एका रात्री नाक्यावर आम्हांला थांबविले गेले. कागदपत्रे ठीक होती, तरी माझ्यासोबतच्या विद्यार्थ्याचा मोबाइलवर फोटो घेण्यात आला. कारण विचारता “वरून आदेश आहे” एवढेच उत्तर मिळाले. घरी पोहोचल्यावर तो म्हणाला, “सर, माझा फोटो आता कुठे असेल?” माझ्याजवळ उत्तर नव्हते.

कायद्याची स्थिती :
तत्कालीन आंध्र प्रदेशाच्या 2013 च्या सार्वजनिक सुरक्षा कायद्याने गर्दीच्या आस्थापनांना कॅमेरे बसविणे बंधनकारक केले. तेलंगणात ‘नेनु सैतम’ (मीसुद्धा) या उपक्रमातून लोकवर्गणीनेही कॅमेरे लागले. लोकांचा त्यास पाठिंबा मिळाला, हे मान्य केले पाहिजे.

मात्र पाळतीस मर्यादा आहेत. खडक सिंग खटल्यात (1962) सर्वोच्च न्यायालयाने रात्री घरी जाऊन चौकशी करण्याचा पोलिसांचा नियम रद्द केला. परंतु खाजगीपणाला मूलभूत हक्क मानले नाही. ती उणीव पुट्टास्वामी खटल्यात 24 ऑगस्ट 2017 रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने दूर केली. त्यानुसार खाजगीपणात हस्तक्षेप करण्यासाठी कायद्याचा आधार हवा, हेतू योग्य हवा आणि उपाय प्रमाणात हवा.

2022 च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायद्याने दोषी ठरलेल्या व अटक झालेल्या व्यक्तींचे फोटो, ठसे इत्यादी घेण्याची तरतूद केली असून ही नोंद 75 वर्षे ठेवता येते. अटक न झालेल्या वाटसरूसाठी या कायद्यात दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. हैदराबादचे कार्यकर्ते एस. क्यू. मसूद यांचा 2021 मध्ये रस्त्यात मास्क काढण्यास सांगून फोटो घेण्यात आला. त्यांनी चेहरा ओळखण्याच्या तंत्राला तेलंगणा उच्च न्यायालयात आव्हान दिले आणि जानेवारी 2022 मध्ये न्यायालयाने शासनास नोटीस काढली. माझ्या विद्यार्थ्याचा प्रश्न जवळपास हाच होता.

दुसरी बाजूही आहे. 2 डिसेंबर 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे बसविण्याचा आदेश दिला. म्हणजे कॅमेरा नागरिकाचेही रक्षण करू शकतो. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात मात्र केंद्र शासनास आपल्या यंत्रणांना सूट देता येते. त्यामुळे जागरूकता अधिक हवी.

निष्कर्ष :
आमच्या समाजातील मुले पोलिसांपुढे एक तर घाबरतात, नाही तर हुज्जत घालतात. दोन्ही नुकसानकारक आहे. अध्यापकांनी त्यांना तिसरा मार्ग शिकवावा : अदबीने बोलणे, कारण विचारणे, ठिकाण व वेळ टिपून ठेवणे आणि 2005 च्या माहिती अधिकार कायद्यान्वये ‘फोटो कोणत्या नियमाने घेतले जातात, किती काळ ठेवतात’ असा लेखी अर्ज करणे. त्या रात्री मला हे ठाऊक नव्हते. आता दरवर्षी अर्जलेखनाच्या तासाला मी हाच नमुना फळ्यावर लिहितो.